हळद यशस्वीरीत्या पार पडली

मांडव घालायला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे सांगितलं होतं, पण माणसाने नव्हे. सगुणा पाटलिणीच्या पोराने, दिपेशने, बहिणीच्या हळदीचा सगळा कारभार एका एजंटाकडे दिला होता. एजंट म्हणजे दलाल नव्हे. दलाल कोलशेतात सगळ्यांनी पाहिलेले, खाडीकडच्या जमिनी त्यांनीच विकल्या. हा एजंट संगणकात राहणारा, बिनतोंडाचा आणि बिनपोटाचा. दिपेशने त्याला पाकीटही संगणकातलंच करून दिलेलं. तो मांडववाल्याच्या एजंटाशी आपल्या मनाने बोलणार, आचाऱ्याच्या एजंटाशी घासाघीस करणार, ठरलेले पैसे ब्लॉकचेन नावाच्या एका साखळीवर अडकवून ठेवणार. हळद झाली की तिसराच एक एजंट ‘झाली’ म्हणणार, आणि सगळ्यांचे पैसे एकदम सुटणार. साखळीवर चढलेलं मग ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही.

“मंग माणसांनी काय करायचं?” सगुणाने विचारलेलं.

“एन्जॉय,” दिपेश म्हणाला.

बापाच्या जमिनीच्या पैशातून त्याने या धंद्याची कंपनी काढली होती. घोडबंदरला काचेचं ऑफिस होतं, कॉफीचं मशीन होतं, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. करिश्माची हळद हा कंपनीचा पहिला खराखुरा प्रयोग. तो बघायला डोंबिवलीहून सलिल नावाचा गुंतवणूकदार येणार होता. त्याने मान डोलावली तर पुढचं भांडवल मिळणार. जगातली पहिली हळद, असं दिपेश फोनवर कोणाला तरी सांगत होता, जिच्यात माणसाचा हात लागला नाही.

हळदीला हात लागला नाही. हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा त्याला काही खटकलं नाही.

*

एजंट कळवतो:
मांडव निश्चित. आचारी निश्चित. ध्वनिव्यवस्था निश्चित.
धवलारीण उपलब्ध नाही. पर्यायी सेवा निश्चित.

*

शेवटची ओळ सगुणाने हळदीच्या दिवशी सकाळी वाचली, तीही दिपेश आंघोळीला गेला म्हणून. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा ती फोन धरून दारातच उभी होती.

“चांगुणाबायला बोलावनं घेऊन कोन गेलेलं?”

“आई, तिच्याकडे फोन नाय. फोन नाय तर वॉलेट नाय. एजंटने शोधली, भेटली नाय, मग दुसरीकडून घेतलं. गाणी बनवून देणारा एक एजंट आहे. आपल्या भाषेत बनवतो.”

“भेटली नाय? अरे मागच्या गल्लीत राहते ती. तुझ्या बारशाला गायलेली.”

“लोकेशनवर नाय ना ती.”

चांगुणाबाय गावची धवलारीण. लग्नातले धवले गाणारी. तिचा गळा लागल्याशिवाय कोलशेतच्या जुन्या घरांत हळद अंगाला टेकत नाही. तिला ठरवत नाहीत, बोलावतात. घरचं माणूस विडा-सुपारी घेऊन जातं, ओट्यावर टेकतं, दोन टोमणे ऐकतं, मग ती हो म्हणते. सगुणाला स्वतःच्या लग्नातलं भटजीचं तोंड आठवत नव्हतं, पण चांगुणाबायचा आवाज आठवत होता. करिश्माची हळद त्याच आवाजात व्हावी, एवढी एकच गोष्ट तिने या लग्नात मागितली होती. बाकी खुर्च्यांना फिती कुठल्याही रंगाच्या बांधा.

तिने ताटात पान, सुपारी, नारळ घेतला आणि तशीच मागच्या गल्लीत गेली.

*

“आलीस? मना वाटलं आता टीव्हीच येल बोलवाला.”

“चुकलं, बाय. पोराने परस्पर केलं.”

“पोऱ्या मोठा झाला तुजा. ऐकलं मी. म्हने पैसं त्याचं आपल्याआप चालतान.”

“चालतात तर खरं.”

“माज्या गान्याचं पैसं पन चालायचं. तुज्या सासऱ्याच्या खिशातून निघायचं आनि गुत्त्यात जायचं, कोनाला न इचारता.”

सगुणा हसली. चांगुणाबाय हसली नाही; विडा मात्र उचलला.

“येन मी. पन त्या भोंग्याच्या मागं गानार नाय. यो तरी नायतर मी तरी.”

*

दिपेशने आईला समजावून सांगितलं. मांडवात एक माईक लावलाय. त्यातून तो तिसरा एजंट ऐकतोय. ठरलेलं गाणं वाजलं आणि माणसांचा आवाज आला, की हळद झाली असं तो धरणार. चांगुणाबाय गायली तर गाणं जुळणार नाही. जुळलं नाही तर मांडववाला, आचारी, साउंडवाला, सगळ्यांचे पैसे अडकणार, आणि तेही सलिलसमोर.

“मग तू दे त्यांना. हातानं.”

“हाताने दिले तर प्रयोगाचा अर्थ काय राहिला? वीस मिनिटं वाजू दे. नंतर गाऊ दे ना तिला पायजे तेवढं.”

“हळद दोनदा लावतात?”

दिपेशने फोनवरची वेळ बघितली. मग म्हणाला, “आई, ही वेळ गेली तर कंपनी गेली.” त्याचा चेहरा खरोखर उतरलेला होता, आणि सगुणाला क्षणभर त्याची दया आली. मग तो म्हणाला, “तू ना, सिस्टीम समजूनच घेत नाहीस,” आणि दया गेली.

ती साउंडवाल्या सहदेवकडे वळली. सहदेवने मान खाली घातली. “काकी, बटण माझ्या हातात आहे, पण पैसे त्या गाण्याच्या हातात आहेत.”

*

संध्याकाळ. पुरुषमंडळी मांडवामागे आपापल्या बाटल्यांशी एकनिष्ठ. पुढच्या रांगेत सलिल, कुर्त्याला इस्त्री, मांडीवर लॅपटॉप. पाटावर करिश्मा. तिच्यासमोर वाटीत हळद, आणि बायका हात पुढे करून थांबलेल्या.

भोंग्यातून एका गोड, कुठल्याच गावच्या नसलेल्या बाईचा आवाज आला:

*हे हळदी, ये गं ये,
करिश्माला तेजस्वी त्वचा दे,
दोन्ही कुटुंबांना शुभेच्छा दे.*

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“साबणाची जाहिरात लागली काय?” मागून एकजण म्हणाली.

“अतिशय प्रभावी आहे हे,” सलिल दिपेशला म्हणत होता. “आणि यात मानवी हस्तक्षेप शून्य?”

“शून्य.”

करिश्माने आईकडे बघितलं. “मी काय पार्सल आहे का? आता डिलिव्हर्ड दाखवतील.”

सगुणाने वाटी उचलली. दुसऱ्या हाताने लेकीचा दंड धरला. पाटसुद्धा तिथेच राहिला. दोघी मांडवातून बाहेर पडल्या, आणि त्यांच्यामागून एकेक करत बायका, पोरी, कडेवरची पोरं. शेवटी परशुराम, करिश्माचा बाप, हातातला पेला खुर्चीखाली सरकवून, तोंड पुसत निघाला. भोंगा शुभेच्छा देत राहिला.

*

एजंट कळवतो:
गीत जुळले. मानवी आवाज पुरेसा.
हळद यशस्वीरीत्या पार पडली. सर्व रकमा अदा.

*

पुरेसा होताच. मांडवामागचे पिणारे अजून हललेले नव्हते, आणि त्यांचा गलका माईकला चांगला पोचत होता. सलिलने उठून दिपेशचा हात दाबला. रिकाम्या खुर्च्यांकडे त्याने बघितलंही असेल; पण त्याच्यासमोरच्या पडद्यावर त्या दिसत नव्हत्या.

*

चांगुणाबायच्या अंगणात जागा अपुरी. करिश्मा जात्याशेजारी बसलेली. चांगुणाबायने डोळे मिटून गळा लावला तेव्हा सगुणाने हातातली वाटी लेकीपुढे ठेवली.

*हलद फुटली गो आंगनी,
बाप आयला गो अनवानी…*

धवल्यात एकेकाचं नाव येतं. ज्याचं नाव आलं त्याने पुढे होऊन मुलीला हळद लावायची. बापाचं नाव आलं. परशुराम वाकला, आणि लेकीच्या पायाला लावता लावता वाकलेलाच राहिला, कोणीतरी उठवलं. मामी झाली. आत्या झाली. मग भावाची ओळ आली.

तेवढ्यात दिपेश फाटकात आला. श्वास लागलेला, फोन हातात.

“आई, झालं! सक्सेस! सलिल हो म्हणाला. दोनच मिनिटं करिश्माला मांडवात पाठव, एक फोटो पायजे. त्याची गाडी थांबलीय.”

चांगुणाबायने मागचीच ओळ परत गायली. परत एकदा. भावाच्या नावाच्या जागी ती थांबत होती आणि सगुणाकडे बघत होती. करिश्माही बघत होती. दिपेश फाटकाच्या आत आला नव्हता. तो मागे वळून रस्त्याकडे बघत होता, गाडी आहे की गेली.

“कमलेशचं घे,” सगुणा म्हणाली.

कमलेश चुलतभाऊ, भिंतीला टेकून उभा होता. त्याने आधी दिपेशकडे बघितलं, मग हात पँटला पुसले आणि पुढे झाला.

ओळीत एक अक्षर जास्त होत होतं. चांगुणाबायने ते सहज गिळलं.