गोळा आडवा का झुलला

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेले पालक खिडक्यांतून आत वाकले होते. व्यासपीठावर संस्कारगुरू उभे होते. चिमटीत धागा, धाग्याला पितळी गोळा, गोळ्याखाली एकेक मूल. गोळा गोल फिरला की मूल सद्गुणी. आडवा झुलला की मुलात खोट.

"मी काही करत नाही," गुरू म्हणाले. "अंतरंगातल्या लहरी बोलतात. मी नुसती खुंटी."

सातवीतल्या एका मुलीवर गोळा आडवा झुलला. तिची आई मान खाली घालून तिला घरी घेऊन गेली. मुख्याध्यापकांनी मूल्यशिक्षणाचा तासच बंद केला. जे मिनिटभरात दिसतं, ते वर्षभर शिकवायचं कशाला?

शिवणाच्या बाईंनाही ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं कात्रीकडे हात नेला, तर बाईंनी कात्री पलीकडे सरकवली.

"बाई, मी काय केलंय?" मुलीनं विचारलं.

 शाळा सुटल्यावर बाईंनी शिवणयंत्राच्या बॉबिनला दोरा बांधला, चिमटीत धरला आणि ती गोल फिरावी असं मनात आणलं. हात स्थिर वाटत होता, तरी बॉबिन गोल फिरू लागली. आडवी मनात आणली, तर आडवी. म्हणजे गुरूंच्या मनात त्या मुलीबद्दल आधीच काहीतरी होतं. कुठून आलं? कार्यक्रमाआधी शाळेनं त्यांना 'त्रासदायक मुलां'ची यादी दिली होती. त्यात तिचं नाव बाईंनीच लिहिलं होतं.

पुढच्या कार्यक्रमाला त्या थेट व्यासपीठावर गेल्या.

"आपण नुसती खुंटी ना? मग धागा खुंटीलाच बांधू."

नकाशाच्या स्टँडला धागा बांधला. खाली आधी वर्गातला पहिला नंबर उभा केला, मग ती मुलगी. गोळा ढिम्म हलला नाही.

"लहरींना लाकूड चालत नाही," गुरू म्हणाले.

"बरं, हातातच धरा. फक्त डोळ्यांवर पट्टी बांधू."

बाईंनी गुरूंना न सांगता तीच मुलगी पाच वेळा गोळ्याखाली आणली. ती दोनदा सद्गुणी ठरली, तीनदा तिच्यात खोट निघाली. मागून कुणीतरी हसलं.

"आज सभागृहात श्रद्धा कमी पडतेय," गुरू पुटपुटले.

"मनात असतं तशी बोटं हलतात, आपल्याला कळतही नाही," बाई पालकांना म्हणाल्या. "गुरूंच्या मनात आमची यादी होती. हिचं नाव त्यात मी लिहिलं, ही फार प्रश्न विचारते म्हणून. चूक माझी आहे."

 त्या मुलीनं विचारलं, "पण बाई, कोण चांगलं, हे कळतं कसं?"

"वेळ लागतो गं. सोबत राहावं लागतं, नीट बघावं लागतं. आणि कुणी झटपट सांगितलंच, तर पुन्हा तपासून दाखवा म्हणावं लागतं."

सोमवारी मूल्यशिक्षणाचा तास पुन्हा लागला. पहिल्या बाकावर शिक्षकांना बसवलं होतं.