गाडीच्या नाकापुढून

खिडकीच्या गजावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब वाळून बसलेला. नखाने खरवडला तर निघेल. निघत नाही.

उजव्या पायाचा चवडा फरशीवर घट्ट दाबलेला. तिथे ब्रेक नाही.

दप्तराचा पट्टा खाकी, त्यावरचे टाके निळे. घरात तेव्हा निळाच दोरा होता.

'पुढून म्हणजे किती पुढून, आई?'

'थांबा' लिहिलेली लाल पाटी – बसच्या अंगातून हातासारखी बाहेर येते, आणि काम झालं की परत अंगाला चिकटते.

माणूस बॉनेटच्या अगदी पुढ्यात आला की नाहीसा होतो. मग तो माणूस राहत नाही, नुसता संशय राहतो.

आज नातू शाळेच्या बसमधून एकटा उतरणार होता.

एवढीच तर गोष्ट. पण सकाळपासून ती म्हाताऱ्याच्या अंगावर कपड्यात शिरलेल्या कुसळासारखी फिरत होती. इथून काढली की तिथे टोचत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या या खिडकीतून रस्ता सरळ खाली दिसतो. शाळेची बस दुपारी पलीकडच्या कडेला थांबते आणि तिचं दारही पलीकडेच, म्हणजे उतरलेलं मूल आधी बसच्या आड जातं आणि मग एका टोकाने बाहेर येतं. कुठल्या टोकाने, प्रश्न एवढाच. शाळा म्हणते पुढून. सून म्हणते पुढून. बसमधल्या ताई, ज्या मुलांना चढवतात-उतरवतात, त्याही म्हणतात पुढून. आणि तो – जन्मभर ट्रक चालवलेला माणूस – म्हणाला होता, मागून.

विचार करून म्हणाला नव्हता. पोटातून तेच आलं. केबिनमध्ये बसलं की लांबचा डोंगर दिसतो, वळणावरचं झाड दिसतं, पण रस्त्याचा जो तुकडा सगळ्यात जवळ, गाडीच्या नाकाखाली, तोच दिसत नाही. तिथे शेळी उभी राहिली तरी दिसत नाही. नव्या क्लीनरला तो पहिल्या दिवशी पगाराच्याही आधी हे सांगायचा – नाकापुढून जायचं नाही, मागून जा, वळसा पडला तर पडू दे, लग्नाची घाई नाहीये तुला. त्याच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं अजून हातीपायी धड होती. हे काय कमी आहे? कुणी विचारलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं... पण कुणी विचारलं नाही, कारण तोवर नातवाचं कोपर सोललेलं होतं.

त्या दिवशी त्याने नातवाचा हात धरला आणि बसच्या मागून वळला. बस उभी, पाटी बाहेर, पुढची रहदारी शहाण्यासारखी थांबलेली. आणि मागून आलेला एक स्कूटरवाला मात्र थांबायच्या ऐवजी बसला ओलांडायला बाजूने निघाला. नातू एक पाऊल पुढे होता. हात हातात होता आणि मग नव्हता. तो ओरडला, 'थांब!' आणि नातू थांबला. आजोबा म्हणाले थांब, म्हणून थांबला – जिथे थांबायला नको होतं नेमका तिथे, रस्त्याच्या मध्ये, मान वळवून आजोबांकडे बघत. स्कूटरचा आरसा दप्तराच्या पट्ट्यात अडकला. पट्टा तुटला म्हणून पोर वाचलं.

ओरडलो नसतो तर तो पुढे निघून गेला असता. कितीदा हे मनात उलटंपालटं करून पाहिलं... ओरडलो नसतो तर.

मग शाळेतली ती बैठक. सगळे पालक मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून बसलेले, बसचं काम बघणारे सर फळ्यावर बस काढत होते. चाकं चौकोनी आली होती. 'बसच्या मागून कधीही नाही. पुढे जायचं, चांगलं पुढे, ड्रायव्हरचा चेहरा दिसेपर्यंत. तुम्हाला त्याचा चेहरा दिसला म्हणजे त्याला तुम्ही दिसलात. त्याने हात वर केला की मगच रस्ता ओलांडायचा.' आणि तो उठून उभा राहिला होता. सुनेने सदरा ओढला तरी.

'साहेब, नाकाखालचं दिसत नाही.'

'म्हणून तर चांगलं पुढे म्हणतोय, आजोबा.'

'पोरं चांगलं पुढे जात नाहीत. पोरं कडेकडेने जातात.'

'तुमच्या वेळचा ट्रक नाही हा.'

'नाक सगळ्यांना असतं, साहेब. नव्या गाडीलाही.'

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, 'बसा उस्ताद, गाडी सुटली,' आणि आणखी हसले. हसण्याचं त्याला काही नव्हतं. पण सून हसली नव्हती. ती फळ्यावरच्या चौकोनी चाकांकडे बघत होती आणि तिची मान हळूहळू लाल होत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेने त्याचं कार्ड परत घेतलं. मुलाला उतरवून घ्यायला येणाऱ्याच्या गळ्यात शाळेचं कार्ड हवं, नाहीतर मूल बसमधून खाली येत नाही; सगळीकडे फिरून परत शाळेत जातं. तरी तो एकदा खाली गेलाच. सवयीने गेला म्हणा. ताईंनी दारात हात आडवा धरला.

'उस्ताद, कार्ड?'

'मला ओळखत नाही का तुम्ही?'

'तुम्हाला कोण ओळखत नाही! ओळखते म्हणून तर जिवावर येतंय. पण नाही देता येणार हो.'

आणि ताईंच्या हाताखालून नातवाचं तोंड. बस निघाली तेव्हा मागच्या काचेतून नातवाने हात हलवला, जणू आजोबाच कुठेतरी चालले होते.

तेव्हापासून रोज दुपारी सून चष्म्याच्या दुकानातून पळत येत होती; धापा टाकत नातवाला घरात ढकलायची आणि त्याच पावली परत. परवा मालक म्हणाला, बाई, गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा ठेवून तुम्ही गायब होता, तो बिचारा आंधळ्यासारखा बसून राहतो. म्हाताऱ्याचा मुलगा लांबच्या कामावर, महिन्यातून एकदा येणार. मग तिने शाळेला लिहून दिलं – आमचा मुलगा एकटा उतरेल.

आज सकाळी तिने बैठकीच्या खोलीत खुर्ची आडवी मांडली.

'ही बस. बाबा, तुम्ही ड्रायव्हर व्हा.'

'मी?'

'मग कोण? या, बसा.'

बसला. हात आपोआप मांडीवरून उठून समोर गोल झाले. नातू खुर्चीच्या बाजूने 'उतरला', दप्तर सावरत पुढे आला, आणि त्याच्या गुडघ्यांच्या पुढून... अगदी पुढून... चालायला लागला. ड्रायव्हरने हात वर करायचा होता. एवढंच काम होतं. पण पायाने आधी ब्रेक मारला, खुर्ची करकरली, आणि हात जेव्हा वर आला तेव्हा नातू पलीकडे पोचून कंटाळून उभा होता.

'आजोबा, तुम्ही मला बघितलंच नाही.'

'बघितलं रे.'

'मग हात?'

'हात... म्हातारा झाला हात.'

'परत,' सून म्हणाली. 'आणि तू एवढा जवळून जाऊ नकोस, लांबून जा. त्या टेबलापासून.'

परत केलं. पुन्हा परत केलं. प्रत्येक वेळी हात जरा उशिरा. सून डबा आणायला आत गेली तसा नातू खुर्चीला टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, 'खरं सांगा ना. पुढून की मागून?'

'आई सांगते तसं.'

'तुमचं तोंड तसं म्हणत नाही.'

तोंडाला काही शिकवता आलं असतं तर त्याने पहिलं तेच शिकवलं असतं.

निघताना सून दारात थांबली. पदर खोचलेला, चेहऱ्यावर दुकानात गिऱ्हाईकाला काच बदलावी लागेल असं सांगतानाचा शांतपणा. 'बाबा, खाली येऊ नका हं.'

'नाही येत.'

'तुम्ही दिसलात की तो धावत सुटतो. आणि वरून हाक मारू नका. हाक मारली की थांबतो. तुम्हाला माहितीये.'

'माहितीये.'

'मला तुम्हाला दुखवायचं नाहीये.'

'तुझं बरोबर आहे गं,' तो म्हणाला, आणि हे त्याने मनापासून म्हटलं होतं. मन आणि पाय यांच्यात कुठेतरी तार तुटली होती, त्याला ती काय करणार.

ते दोघे गेल्यावर घर एकदम मोठं झालं. त्याने पेपर उघडला, मिटला. चहाचा कप विसळला, स्वच्छ कप परत विसळला. मग न राहवून खाली गेला – बस यायला वेळ होता, आत्ता खाली जायला कुणाची मनाई नव्हती. कोपऱ्यावर पाण्याचे कॅन पोचवणारा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर आत बसून शेंगा खात होता. तो टेम्पोच्या नाकापुढे जाऊन उभा राहिला.

'काय हरवलं, काका?'

'मी दिसतो का तुला?'

'चांगले दिसताय की! एवढे कुठे बारीक आहात.'

तो खाली बसला. गुडघे कुरकुरले. नातवाच्या उंचीएवढा झाला. 'आता?'

आतून हसणं. 'काका, उठा. लोक म्हणतील मी उडवलं.'

'सांग ना रे. दिसतो का?'

हसणं थांबलं. 'नाही.'

बसल्या बसल्या, बदकासारखा, तो मागे सरकला. 'आता?' – 'टोपी दिसतेय.' आणखी मागे. 'आता?' – 'आता तोंड दिसतंय. घामाघूम झालात तुम्ही. पाणी देऊ?'

तोंड दिसतंय. म्हणजे सरांचं खरं होतं. चौकोनी चाकं काढणाऱ्याचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं... दोन्हींच्या मध्ये रस्त्याचा एवढासा तुकडा होता, पोराच्या चार-दोन उड्यांचा, आणि सगळं त्या तुकड्यावर येऊन अडलं होतं. हे नातवाला सांगायला हवं होतं. सकाळी सांगायला हवं होतं. पोरा, पुढूनच जा, पण कडेने नको, भरपूर पुढे – इतकं साधं वाक्य, आणि ते त्याला सापडलं तेव्हा पोर शाळेत पाढे म्हणत होतं.

तो वर आला. खिडकीत उभा राहिला. तो थेंब खरवडू लागला.

बस आली. पिवळी, भरलेली, आतल्या किलबिलाटाने हलणारी. थांबली. पाटी बाहेर आली, दिवे उघडझाप करू लागले, रहदारी दोन्हीकडे अडली. मागे एक स्कूटर – नाही, ती थांबली, त्या बाईने पाय टेकला. देव तिचं भलं करो. दार उघडल्याचा फुस्स आवाज. मग काही नाही. बसचं छप्पर, आणि छपरापलीकडे कुठेतरी एक मूल, जे आत्ता ठरवत होतं.

दोन्ही टोकांवर एकदम नजर ठेवता येत नाही. तो नाकाकडे बघायला जायचा आणि डोळे परत शेपटीकडे. एकदा, दोनदा... मग त्याच्या लक्षात आलं : डोळे शेपटीवरच होते. तो मागूनच येईल अशी माझी खात्री आहे. नुसती खात्री नाही. मला तसं... माझं ऐकून त्याने यावं असं कुठेतरी आत... हे कसलं प्रेम, हे कुठल्या जातीचं?

नातू पुढून आला.

बसच्या कोपऱ्याशी आधी निळे टाके दिसले, मग तो सगळा. पुढे, पण कडेने. बंपरला जवळजवळ हात लावत, आईचं थोडं आणि आजोबांचं थोडं राखत, दोन पावलं आला आणि थांबला. ड्रायव्हरकडे बघायचं होतं. त्याने मान उचलली आणि थेट वर, तिसऱ्या मजल्याकडे, खिडकीकडे पाहिलं.

पाहतच राहिला.

'पुढे सरक' हे हाताने कसं सांगतात? त्याने हात उचलला आणि अर्ध्यात धरला. इतक्या उंचावरून तळहात म्हणजे नुसता तळहात, ये म्हणणारा आणि थांब म्हणणारा अगदी सारखा. ओरडायचं नाही. काचेआड ड्रायव्हरची सावली हलल्यासारखी झाली. हात वर केला असेल, पाण्याची बाटली उचलली असेल, वरून कळत नव्हतं. मागे कुणाला तरी उशीर होत होता, इंजिनं गुरगुरत होती. आणि पोर गाडीच्या नाकाखाली, साऱ्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट जागी, निवांत उभं. आजोबांची वाट बघत. मी इथे आहे तोवर तो माझ्याकडेच बघणार, त्याला दुसरा चेहरा दिसणारच नाही...

तो खिडकीतून बाजूला झाला. पडद्यामागे, भिंतीला पाठ लावून. डोळे मिटले नाहीत. समोर आडवी खुर्ची होती, सकाळची, कुणी उचलली नव्हती. बाहेर एक इंजिन चढलं, कुठलं ते ओळखू येईना – आयुष्यभर आवाजावरून गाड्या ओळखल्या आणि आज ओळखू येईना. पण उजवा पाय हलका होता. फरशीवर नुसता ठेवलेला, काहीच न दाबणारा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्याला त्या पायाची भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी, ओळख नसलेलं, गार असं काहीतरी, जे त्याला कधी वाटलं नव्हतं आणि ज्याला काय म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी जिन्यात बुटाची नाडी बांधताना सुनेने मुलाला सांगितलं होतं, भीती वाटली तर वर बघ, आजोबा खिडकीत असतील.