जुन्या नंबरवर

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी रक्ताचा रिपोर्ट गेला आणि नेमका ज्याच्याकडे जायला नको होता, त्याच्याकडे गेला.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हे कळलं बारा वाजता, कारखान्यातून अर्ध्या तासाची सुट्टी काढून ती लॅबच्या काउंटरवर आली तेव्हा.

"ताई, रिपोर्ट एकदम नॉर्मल. पार्टी द्या आता," कारकून म्हणाला. "मेसेज पाहिला नाही का?"

"मला कुठे आला?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. रिपोर्टवर नाव तिचं, पत्ता नवा, खोलीच्या नंबरासकट. मोबाईल नंबर मात्र नवऱ्याचा. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी याच लॅबच्या दुसऱ्या गावातल्या शाखेत त्यानेच तो दिला होता. रक्त देताना ओळखपत्राचा नंबर टाकताच जुनी नोंद आपोआप वर आली होती आणि कारकुनाने पत्ता तेवढा बदलला होता.

आठ महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन, नेसत्या कपड्यांनिशी तिने ते घर सोडलं होतं. इथला पत्ता तिने सख्ख्या भावालाही सांगितला नव्हता.

"अहो, आधी हा नंबर काढा!"

"काढतो की," म्हणत त्याने बटण दाबलंसुद्धा. "जुन्या नंबरवर कोड गेलाय. तो सांगा, की झालं."

"कोड त्याला विचारू? त्याच्यापासूनच लपून राहतेय मी!"

कारकुनाचा चेहरा उतरला. त्याने ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढला. "खाजगी माहितीचा नवीन कायदा आलाय, ताई. तक्रार करता येते. नव्वद दिवसांत उत्तर द्यावंच लागतं आम्हाला."

"त्याच्या गावाहून इथे यायला तीनच तास लागतात, दादा."

"ओ बाई, आवरा की!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "इथे उपाशीपोटी उभे आहोत आम्ही."

अर्ज तिथेच ठेवून ती बाहेर पडली. शाळेत फोन केला. "मी येईपर्यंत मुलीला कोणाबरोबरही सोडू नका. वडील आले तरी नाही," हे तिने दोनदा सांगितलं. मग चालता चालताच जुन्या घराशेजारच्या काकूंना फोन लावला. ती निघाली तेव्हा तिला बसपर्यंत पोचवायला त्याच आल्या होत्या.

"अगं, तू! बरी आहेस ना?"

"काकू, ते घरी आहेत का, तेवढं बघा."

पलीकडे दाराची कडी वाजली. काकू परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"कुलूप आहे गं. गाडीही नाही. कधी गेला, मी नाही पाहिलं."

बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.