गुरुवारी माझा उपवास असतो

घाबरू नका, आपल्या मधे जाड काच आहे. मी गिझेला वाघीण. नाव ऐकून हसू आलं ना? माझ्या खाण्याचा खर्च देऊन मला दत्तक घेणाऱ्या एका जर्मन बाईंनी आपल्या थोरल्या बहिणीचं नाव मला दिलं. बहीण फार तापट होती म्हणे. मी तशी नाही. म्हणजे रोज नाही.

माझा जन्म १९८८ सालचा, ड्रेस्डेनच्या बाजूला फिरणाऱ्या एका छोट्या सर्कशीतला. या स्टुलावरून त्या स्टुलावर उड्या मारायच्या आणि गाडीच्या डब्यात झोपायचं. माझ्या गुडघ्यांची वाट तिथेच लागली. पण गंमत बघा, तिथे माझी कीव कुणालाच आली नाही. बँड वाजायचा, दिवे झगमगायचे आणि लोक टाळ्या पिटत म्हणायचे, वाघीण किती खुशीत आहे!

पुढे दोन्ही जर्मनी एक झाले, सर्कस बंद पडली आणि मी डार्मश्टाटपासून अर्ध्या तासावरच्या या गावात, या लहानशा प्राणिसंग्रहालयात आले. इथे झाडं आहेत, डुंबायला तळं आहे, उन्हात तापणारा एक सपाट दगड आहे. शिवाय योखेन आहे. योखेन माझी देखभाल करतो. सकाळी आला की नाकातून ‘फुर्र’ असा आवाज काढतो. आम्हा वाघांचा तो नमस्कार. मीही ‘फुर्र’ करते. काचेपलीकडच्यांना वाटतं, मी चिडले.

आणि इथे आल्या दिवसापासून मी ‘बिचारी’ झाले.

झोपले तर कंटाळलीय बिचारी. चालले तर वेड लागलंय बिचारीला. लोकांकडे पाहिलं तर डोळे किती उदास, आणि पाठ फिरवली तर खचली हो! अहो, वाघ दिवसातले सोळा तास झोपतो, जंगलातसुद्धा. ऑफिस नसतं तर तुम्हीही झोपला असतात. पाऊस पडत असला की मी लोकांना जास्त दुःखी दिसते. आइस्क्रीम खाऊन आलेल्यांना मी बरी दिसते. माझ्यात काडीचा फरक नसतो.

सगळ्यात वाईट वार गुरुवार. त्या दिवशी मला खायला देत नाहीत. यात दुष्टपणा काही नाही. जंगलात तरी रोज शिकार कुठे मिळते? पोटाला एक दिवस आराम, एवढंच. जर्मनमध्ये याला ‘फास्टनटाग’ म्हणतात, आणि पिंजऱ्यावर तशी बारीक अक्षरातली पाटीही होती. पण सवय वाईट. दुपार झाली की माझे पाय आपोआप मांसाच्या दाराकडे वळतात, परत येतात, पुन्हा वळतात. मागचा डावा पाय लंगडतो. लोक पाटी वाचायचे नाहीत, माझा पाय बघायचे आणि घरी जाऊन पत्रं लिहायचे.

२००६च्या वसंतात त्या पत्रांची जाड फाइल झाली. एके सकाळी झाडू मारता मारता योखेन मला म्हणाला, “गिझेला, उन्हाळा संपला की तुला मागच्या आवारात हलवणार. तुला बघून पाहुण्यांना वाईट वाटतं.”

मागचं आवार म्हणजे तीन भिंती आणि वर आभाळाचा तुकडा. तिथे माणूस दिसत नाही. आणि मला माणसं बघायला फार आवडतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या टोप्या, त्यांची भांडणं, बाबागाडीतून खाली पडणारे बूट, एकमेकांना पुढे ढकलून काढलेले फोटो. माझा सगळा दिवस त्यावर जातो. त्या दिवशी मी खरोखरच दुःखी होते. योगायोग असा, की त्या दिवशी एक बाई म्हणाल्या, आज किती शांत दिसतेय!

मे महिन्यात सरलाआजी आल्या. सहावारी साडी, वर मुलाचं जाडजूड जाकीट, पायात खेळाचे बूट. नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलगा श्रीनाथ आणि सून विभावरी डार्मश्टाटला नोकरीला, घर मात्र याच गावात, नऊ वर्षांची नात शिवांगी शाळेत. हे सगळं मला समोरच्या बाकावरच्या बोलण्यातून कळलं. मराठी कसं समजलं म्हणाल, तर काचेसमोर माणसं सगळ्या भाषांत साधारण तेच बोलतात.

पहिल्याच गुरुवारी आजींनी पाटीकडे बोट दाखवून शिवांगीला विचारलं. शिवांगीला मराठी समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. “फास्टनटाग, ओमा,” आजीला जर्मनमध्ये हाक मारत ती म्हणाली, आणि मग पोटावर हात ठेवून, तोंड मिटून दाखवलं.

“अगबाई, हिचाही गुरुवार?” आजी म्हणाल्या. “मग हिला उपासाचं काय चालतं?”

त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढलासुद्धा. योखेन हात हलवत धावत आला. आजींना ते पटलं. पण उपाशी वाघिणीसमोर खाणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ करून तो लाडू संपवला. इतक्या वर्षांत माझ्या भुकेचा असा मान कुणी ठेवला नव्हता.

मग त्या दर गुरुवारी सकाळीच यायला लागल्या. बाकावर बसायच्या, जपमाळ ओढायच्या, मधेच माझ्याशी गुडघ्यांबद्दल बोलायच्या. योखेनचं ऐकून एकदा पदर नाकाशी धरून त्यांनी ‘फुर्र’ करून पाहिलं. पहिल्यांदा नुसती शिंक आली. तिसऱ्या गुरुवारी जमलं.

घरच्यांना मात्र काळजी. एकदा विभावरी रजा काढून आली. म्हणाली, “अहो आई, इथे एकट्या बसून राहता, मला कसंतरीच होतं. आल्झो, म्हणजे, मी अजून थोडा उरलाउब, रजा, टाकू का?”

“मी मजेत आहे गं,” आजी म्हणाल्या. सुनेला ते खरं वाटलं नाही. मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला. काचेसमोर रोज दिसतो तो.

जुलैच्या सुरुवातीला संचालकांनी बोलावलेली विद्यापीठातली एक मुलगी आली. लाल चष्मा, हातात कागदांचा गठ्ठा. प्राणी सुखी दिसतो का, एक ते पाच आकडा सांगा. माझ्या नावापुढे एकावर एक ‘एक’ पडत होते. मागच्या आवाराचा निकाल जवळजवळ लागलाच होता; योखेनने ते शिवांगीकरवी आजींच्या कानावर घातलं होतं. शेवटी ती आजींकडे आली. शिवांगी शाळेतून नुकतीच पोचली होती, ती मधे उभी राहिली.

आजींनी आकडा सांगितलाच नाही. “हिला सांग,” त्या म्हणाल्या, “हिचे गुडघे दुखतात, माझेही दुखतात. गुडघे दुखतात म्हणून कुणी मागच्या खोलीत नेऊन बसवलं, तर मात्र मी दुःखी होईन. इथे चार माणसं दिसतात. तिलाही तेच हवंय. दोन महिने बघतेय मी.”

शिवांगीने ते सगळं जर्मनमध्ये सांगितलं, हातवारे करून, आजीपेक्षा जोरात. लाल चष्म्याच्या मुलीला ते कुठल्याच चौकटीत लिहिता येईना. तिने कागद उलटा करून मागे लिहिलं. योखेन फावड्यावर रेलून ऐकत होता. “जा, गेनाऊ,” म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’, तो म्हणाला, आणि त्याच दुपारी रंगाचा डबा घेऊन बसला.

आता काचेवर मोठ्या अक्षरात पाटी आहे: मी गिझेला, वय अठरा. सर्कशीत होते, म्हणून लंगडते. मांसातून औषध घेते. गुरुवारी माझा उपवास असतो. मला माणसं बघायला आवडतात.

त्या मुलीने आठवडाभराने पुन्हा आकडे विचारले, तर चार आणि पाच! लोक एकमेकांना सांगायला लागले, अठरा वर्षांची आहे, बघ कशी चालते. पाय तोच, चाल तीच. संचालकांनी तो उलटा कागद वाचला, नवे आकडे पाहिले आणि फाइल बंद केली. मी पुढेच राहिले.

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी आजी निरोप घ्यायला आल्या. खूप वेळ बसल्या. मग काचेशी येऊन ‘फुर्र’ केलं, मी केलं, पुन्हा त्यांनी केलं. मागून एक जोडपं जात होतं. बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, “बिचारी आजी. एकटीच वाघिणीशी बोलतेय.” मला इतकं हसू आलं! वाघाला हसता येत नाही म्हणून मी दगडावर लोळले.

आजी गेल्या. गुरुवारी तो बाक रिकामा दिसतो आणि मला करमत नाही. हे मात्र पाटीवर नाही, म्हणून सांगून ठेवते. तुम्ही आलात तर बिचारी म्हणण्याची घाई करू नका. जरा वेळ बसा, पाटी वाचा, जमलं तर ‘फुर्र’ करा.

शुक्रवारी दुपारी शिवांगी येते. योखेन मांस टाकतो, मी पहिला घास घेते, आणि ती काचेला नाक लावून, रात्री फोनवर आजीला सांगायचं वाक्य पाठ करते. जर्मनमध्ये नाही. चुकत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून:

“आजी, तिने उपास सोडला.”