चढावरचा क्लच

दूधवाला कडब्याच्या गंजीवरून पडला, पायाला प्लास्टर बसलं आणि त्यांच्या घरात क्लचवरून भांडण सुरू झालं.

मी समोर राहतो, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्यामुळे सगळं ऐकलं.

टेकडीपलीकडच्या केंद्रावर रोज सकाळी साडेसातला दुधाची गाडी येते, कुणासाठी थांबत नाही. चार म्हशींचं दूध, दोन कॅन. नवरा खाटेवर, म्हणून मोटरसायकल वहिनींनी काढली. माहेरी शेतातल्या वाटेवर भावाची चालवलेली होती. पण पहिल्याच दिवशी चढावर ती तीनदा बंद पडली, चौथ्यांदा उसळली आणि एक कॅन धुळीत गेला. गावातली सगळी कुत्री त्या दिवशी वहिनींच्या बाजूची झाली.

"क्लच फार लांब धरतो," घरी येऊन वहिनी म्हणाल्या. "मूठ पार उघडेस्तोवर गाडी हलत नाही, अन् तोवर माझी बोटं निसटतात."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" खाटेवरून उत्तर आलं.

"वाकडंच आहे. तुमच्या पंजाच्या मापाचं आहे."

"हात लावायचा नाही त्याला. सात वर्षं तिथंच धरतोय."

"सात वर्षं तू गंजीवरही चढत होतास," सासूबाई म्हणाल्या आणि बादली घेऊन गोठ्याकडे गेल्या.

वहिनी माझ्याकडे आल्या. "भावजी, पाना द्या."

"मीच लावून देतो की."

"गाडी मी चालवणार. तुमच्या हाताला काय कळणार?"

मग मी नुसतं दाखवलं. क्लचच्या दांड्याजवळचा नट सैल करायचा, पेच आत फिरवायचा, की वायर ढिली पडते आणि क्लच मुठीच्या जवळ धरतो. वहिनींनी पाच फेरे आत फिरवला. गाडी सुरू केली, दांडा पुरता दाबून पहिला गिअर टाकला. गिअर करकरला, आणि दांडा दाबलेला असूनही गाडी संध्याकाळी घरी निघालेल्या म्हशीसारखी संथपणे पुढे निघाली ती उकिरड्यात पुढचं चाक रुतेपर्यंत.

"जास्त झालं," वहिनी म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. सासूबाई परत आल्या होत्या आणि हातात बादली होती.

मग अर्धा अर्धा फेरा बाहेर. दर वेळी सुरू करायची, गिअर टाकायचा, हळू सोडून बघायचं. खाटेवरून "वायर तुटेल!", "प्लेटा जळतील!" चालूच होतं. सहाव्या खेपेला इंजिनाचा आवाज किंचित दबला आणि मागचं चाक सरकलं. दांडा निम्म्यावरही आला नव्हता. दाबून धरला की गाडी मुकाट उभी राहत होती. वहिनींनी नट आवळला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच चढानं रानात निघालो होतो. नेमका मधोमध मेंढ्यांचा कळप आडवा आला. वहिनींना थांबावं लागलं. पाय ब्रेकवर, दोन्ही कॅन मागं ओढतायत. सात वाजून गेलेले. मेंढ्या सरल्या. वहिनींनी बोटं उघडली, वासराचा दोर सोडावा तशी, हाताला अंदाज घेत. आवाज दबला, गाडी थरथरली, ब्रेक सुटला आणि गाडी वर गेली. थेंब सांडला नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण खांद्यावर फावडं होतं.

प्लास्टर निघालं त्या सकाळी दूधवाला सगळ्या आळीसमोर गाडीवर बसला. सवयीनं मूठ सैल केली, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा. तिसऱ्यांदा तर त्यानं गाडीकडेच रागानं पाहिलं.

"पेच फिरवून घेऊ का?" त्यानं विचारलं. कुणाला, ते स्पष्ट नव्हतं.

"उशीर होतोय," वहिनी म्हणाल्या. "मागं सरका."

तो सरकला. दोन कॅनच्या मध्ये कसाबसा मावला.

चढावर त्यानं डोळे मिटून घेतले होते, असं वहिनी सांगतात. तो म्हणतो, धूळ होती.

पाऊस चालू होता तेव्हा.

आता दोन महिने झाले. गाडी वहिनीच नेतात. तो धारा काढतो आणि आल्यागेल्याला सांगतो, "चढावर क्लच असा जवळ धरणारा पाहिजे. मी तेव्हाच म्हणत होतो."