पडवीतलं पान

दिघीच्या खाडीवर नीराबाईच्या खाणावळीत भूत जेवायला येत असे, हे मी जानव्याची शपथ घेऊन सांगतो. चार वर्षं ते काम माझ्याकडे होतं.

इमारत सिद्दीच्या जुन्या जकात नाक्याची. तिथे कुणी फाशी गेलेला शिपाई पाहिला होता, कुणी बिनमुंडक्याचा तांडेल. म्हणून नीराबाई रोज दुपारी पहिलं पान मागच्या पडवीत जागेवाल्यासाठी, म्हणजे तिथल्या भुतासाठी, वाढायची: भात आणि तळलेला बांगडा. दर शनिवारी मीही पडवीतच जेवायचो. मी बोर्लीच्या शाळेतला मास्तर, शाकाहारावर पुस्तिका लिहिलेला, शिवाय सुधारक. तिच्या हातचा वरणभात खायचा, पण चारचौघांत नाही.

एका शनिवारी तो वास सोसवेना. जागेवाल्याच्या पानावरचा बांगडा खाल्ला आणि काटे त्याच पानाच्या कडेला ओळीनं मांडले. मला अव्यवस्थितपणा खपत नाही.

नीराबाई पान पाहून मटकन खाली बसली. "मास्तर, मांजर काटं मांडतंय व्हय? रंगूचा बापूस असंच मांडायचा!"

तिचा नवरा होडीसकट बुडाला होता. प्रेत मिळालं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पाणी मागितलं.

पुढे शनिवारचा बांगडा मोठा येऊ लागला.

एकोणीसशे तेहतीसच्या वैशाखात तुळया वाकल्या. पालीला दिलेल्या लेकीकडे, रंगूकडे, न्यायला नीराबाईचा भाऊ तुळशीराम आला.

"आक्का, या पावसात छप्पर डोक्यात येल!"

"येऊ दे. शनवारी त्यो उपाशी जाईल, त्याचं काय?"

"नीराबाई, ते बांगडे मी खाल्ले."

ती खदखदून हसली. "तुमी? माज्यापायी खोटं बोलू नका, पाप लागंल."

"लई देवमानूस," तुळशीराम म्हणाला.

इलाज उरला नाही. मी त्या दोघांसमोर जागेवाल्याच्या पानावर बसलो आणि जेवलो. चौथा काटा कडेला ठेवला तेव्हा नीराबाईचं हसू थांबलं. सगळे मांडून होईपर्यंत ती बघत राहिली.

"हात धुवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या होडीनं ती गेली. मी धक्क्यावर उभा होतो. तिनं मान वळवली नाही.

छप्पर त्या पावसाळ्यात पडलं नाही. पुढच्याही नाही.