बिनहातांची खुर्ची

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. मी खुर्ची आहे, वयाने बरीच जुनी, आणि मला हात नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, बिचारी मोडली असेल. मुळीच नाही. माझे हात मुद्दाम कापले गेले आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

सुताराच्या कारखान्यात मी जन्मले तेव्हा माझे हात गोल, गुळगुळीत होते आणि मी त्यांचा भारी तोरा मिरवत असे. एका डॉक्टरांनी मला विकत घेतले. त्यांच्या दवाखान्यात दाराशीच वजनकाटा होता. आलेल्याने आधी त्याच्यावर चढायचे, मग माझ्यात बसायचे आणि मग बोलणी खायची. ताप आला तरी वजन, कान दुखला तरी वजन. काही माणसे अगदी अंग चोरून बसत. मला वाटे, किती शिस्तीची ही माणसे!

पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि माझ्यावर धूळ चढली. मग एक दिवस कुलूप उघडले आणि आहाराचा सल्ला देणाऱ्या ताई आल्या. आल्या आल्या त्यांनी काटा उचलून आतल्या खोलीत ठेवला. औषधाचे प्रमाण ठरवायला लागलाच, तर माणसाला विचारून तो बाहेर काढायचा, असा त्यांचा नियम. काट्याचे नाक ठेचले. मला मात्र त्यांनी पुसून लख्ख केले.

ताईंकडे सगळ्या अंगकाठीची माणसे येत. काडीसारखे एक कारकून यायचे. त्यांना घरीदारी ऐकावे लागे, ‘तुला काय धाड भरलीये?’ आणि रक्तातली साखर तर चढलेली. ताई त्यांनाही तेच विचारत जे सगळ्यांना विचारत: काय आवडतं, कधी जेवता, झोप लागते का. गप्पा अशा रंगत की ऐकून माझे पायसुद्धा सुखावत.

अशात एकदा बसबाई आल्या. त्या शहराची बस चालवायच्या, म्हणून सगळे त्यांना बसबाई म्हणत. उंच, रुंद, आवाज खणखणीत. त्यांना मधुमेह होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“दिवसभर बसूनच असते हो, उभीच बरी,” त्या म्हणाल्या.

ताईंना ते खरेच वाटले. तरी त्यांनी आग्रह केला, “बसा ना, निवांत बोलू.” बसबाई भिडेखातर बसल्या. उठायची वेळ आली तेव्हा त्या उठल्या आणि मित्रांनो, त्यांच्याबरोबर मीही उठले. माझे हात त्यांच्या कमरेला घट्ट अडकले होते. ताईंनी मला धरून ओढले तेव्हा कुठे मी सुटले.

बसबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “वजन उतरवून येते, मग बसते,” एवढेच बोलून त्या गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या परत आल्याच नाहीत. काही दिवसांनी त्यांची थोरली बहीण एकटीच आली. तिने सांगितले, बसबाईंनी सकाळचे खाणे सोडले होते, पण साखरेच्या गोळ्या चालू होत्या. परवा चालत्या बसमध्ये साखर एकदम उतरली आणि त्यांचे हात थरथरू लागले. कशीबशी गाडी कडेला घेतली म्हणून सगळे वाचले. डेपोने त्यांची बस काढून घेतली होती आणि त्यांना तिकिटांच्या खिडकीवर बसवले होते.

“बस म्हणजे जीव की प्राण तिचा,” बहीण म्हणाली. “घरात कोणाशी धड बोलत नाही.”

ती गेली आणि ताईंनी लगेच सुतारकाकांना बोलावले.

“चांगली दणकट खुर्ची आहे. हात कशाला कापायचे? तिचं काय चुकलं?” काकांनी विचारले.

“चुकलं ते तिचंच आणि माझं. बाईंचं काही चुकलेलं नाही.”

करवत चालली. काकांनी रुंद फळी बसवली, पाय मजबूत केले. मला दुखले नाही. मी चारी अंगांनी ऐसपैस झाले होते.

बहिणीने बसबाईंना अक्षरशः ओढत आणले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि त्या सावकाश टेकल्या. ताई म्हणाल्या, “मागच्या वेळी खुर्ची चुकीची होती. माफ करा. पहाटे काय खाऊन निघायचात?”

“काही नाही. खाल्लं की वजन वाढतं ना.”

“डिझेल न घालता गाडी डेपोतून काढता का?”

“काढली तर धक्का मलाच मारावा लागेल,” बसबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

बहिणीला राहवेना. “ते ठीक आहे, पण वजन किती उतरवायचं ते सांगा की.”

“ते मी हिशेबात धरलेलंच नाही. साखर ताळ्यावर आणायची, हात स्थिर ठेवायचे आणि बस परत मिळवायची.”

मग ठरले ते साधेच होते. निघण्यापूर्वी पोटभर खायचे, गोळी जेवणाशी जोडायची, जवळ डबा ठेवायचा आणि दुपारी मैत्रिणींबरोबर डेपोभोवती पायी फेरी मारायची, कारण तेव्हा गप्पा झकास होतात. आवडते गोडही बंद केले नाही. कधी आणि कशाबरोबर खायचे तेवढे समजावले. बसबाई येत राहिल्या. झोप लागू लागली, थरथर थांबली, साखर ताळ्यावर आली. अंग होते तसेच होते.

आणि एका दुपारी दार धाडकन उघडले. बसबाई गणवेशात होत्या. “ताई, उद्यापासून माझी बस!” म्हणत त्या आल्या आणि माझ्याकडे न बघताच धपकन बसल्या. बसून बोलतच सुटल्या. ताईंनी डोळे पुसले. मला तर नाचावेसे वाटले.

मित्रांनो, खुर्चीला याहून मोठी शाबासकी नसते. तुमच्या घरी, तुमच्या वर्गात कोणी आले, तर त्याला मापू नका. त्याला नीट बसता येईल अशी जागा करा आणि मग विचारा, काय म्हणता, कसे आहात?